शाळेचें दप्तर

‘दप्तर’ या शब्दाचे मराठींत दोन अर्थ होतात. मुलांच्या पाठीवर असतें तें एक, आणि कचेरीच्या कपाटांत असतें तें दुसरें. पहिलें रोज उघडलें जातें. दुसऱ्याचा समाचार बहुधा वाळवीच घेते. वास्तविक ज्या शाळेंत आपलीं मुलें आयुष्याचीं दहा वर्षें घालवितात, तिचा खरा इतिहास या दुसऱ्या दप्तरांत असतो. आणि तो शोधून काढण्याचें काम खुद्द विद्यार्थ्यांनींच करावें, असें आम्हांस वाटतें.

यावर कोणी म्हणेल कीं, शाळांचे इतिहास काय थोडे लिहिले जातात? सुवर्णमहोत्सव आला कीं स्मरणिका निघतेच. निघते खरी, पण तींत संस्थापकांचीं छायाचित्रें, देणगीदारांची नामावळी आणि परीक्षेंत चमकलेल्यांचे सत्कार यांपलीकडे फारसें कांहीं नसतें. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचेंच उदाहरण घ्या. १८८० सालीं चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनीं ती काढली, १८८१ सालीं आगरकर येऊन मिळाले, १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज, हें आमच्या बहुतेक वाचकांस मुखोद्गत असेल. हा इतिहास खरा आहे व उज्ज्वलहि आहे. परंतु तो शिकविणाऱ्यांचा झाला. शिकणाऱ्यांचा कोठें आहे?

तो जनरल रजिस्टरांत आहे. मुलाचा अनुक्रमांक, नांव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख, आधींची शाळा, शाळा सोडल्याची तारीख व तिचें कारण, एवढें सारें तेथें एका ओळींत मिळतें. जोडीला हजेरीपट, फीच्या वह्या आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांचें शेरेबुक. नववीच्या मुलांस हीं पानें वाचावयास दिलीं तर प्रश्न आपोआप सुचतात. १८९६-९७ च्या प्लेगांत किंवा १९१८ च्या इन्फ्लुएंझांत हजेरी किती उतरली? मुली प्रथम कोणत्या सालीं आल्या? आणि इतक्या मुलांचा जन्म नेमका १ जूनलाच कसा झाला? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर घरच्या आजोबांस ठाऊक असतें. शाळा जूनमध्यें सुरू होत. ज्या मुलाच्या जन्माची नोंद नसे, त्याच्या वयाचा अंदाज घेऊन मास्तर ती तारीख देऊन टाकीत. लेखी पुरावाहि पारखून घ्यावा लागतो, हा संशोधनाचा पहिला धडा मुलांस येथें अनायासें मिळतो.

रजिस्टरांतील एका ओळीचें मोल केवढें असूं शकतें, तें साताऱ्यास दिसतें. तेथील सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरांत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं १९१४ या अनुक्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ असें नांव नोंदलें गेलें. महाराष्ट्र शासनानें २०१७ सालीं हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून जाहीर केला. पण रजिस्टरहि सारें सांगत नाहीं. वर्गांत वेगळें गोणपाटावर बसावें लागे, शिपायानें नळ उघडून दिल्यावांचून पाणी मिळत नसे, ही हकीकत बाबासाहेबांनीं पुढें स्वतः लिहिली म्हणून आपणांस कळली.

आणखी कांहीं नांवें अशीं कीं, तीं रजिस्टरांत आलींच नाहींत. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला. तत्त्वतः न्याय त्याच्या बाजूला आहे असें मान्य करूनहि मुंबई सरकारनें त्याला तो मिळवून दिला नाहीं. मुलींचें तेंच. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं भिडेवाड्यांत मुलींची शाळा काढली. हुजूरपागेची शाळा निघावयास १८८४ साल उजाडलें, आणि तिलाहि विरोध झालाच.

असल्या गोष्टींनीं मुलांचीं मनें कलुषित होतील, अशी भीति कित्येक पालकांस वाटते. तिचें कारण आम्ही जाणतों. जुन्या रजिस्टरांचीं कितीतरी पानें आपल्याच घरांतील मुलांनीं भरलेलीं आहेत. तेव्हां त्यांत कोण नव्हते हें विचारणें आपणांसच अधिक जड जातें. पण १९४८ सालचीं पानेंहि उघडून पाहावीं. गांधीजींच्या हत्येनंतर झालेल्या जाळपोळींत सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूच्या अनेक ब्राह्मण कुटुंबांनीं गांव सोडलें; त्यांच्या मुलांच्या नांवापुढें शाळा सोडल्याची तारीख असेल, कारण कदाचित् नसेलहि. तें कारण कोणीतरी शोधावें असें आपणांस वाटतें ना? मग तोच न्याय धारवाडच्या मुलासहि हवा. आपलें दुःख नोंदावें आणि दुसऱ्याचें झांकावें, याला इतिहास म्हणत नाहींत.

आतां कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. मुख्याध्यापकांच्या परवानगीवांचून कपाटास हात लावूं नये. कागद शाळेबाहेर नेऊं नये; तेथेंच नक्कल करावी वा मोबाईलनें फोटो घ्यावा, आणि पृष्ठांक न चुकतां टिपावा. हयात माणसांचे गुण, जात किंवा नापासाचा शेरा छापूं नये. माजी विद्यार्थ्यांस भेटावयाचें तर दोघांस निरनिराळें गांठून एकच प्रश्न विचारावा. उत्तरें जुळलीं नाहींत तर तेथूनच शोधास सुरुवात होते. मोडींतले कागद निघाले तर रद्दीत घालूं नयेत. शासनाचें पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवितें.

आणि आमच्या वाचकांनीं, विशेषतः भगिनींनीं, घरांतील जुनी ट्रंक एकदां उघडावी. आजींचें प्रगतिपुस्तक, फीची पावती, वर्गाचा फोटो यांतलें कांहींतरी तींत सांपडेलच. त्यांची नक्कल शाळेस द्यावी. फोटोच्या मागें पेन्सिलीनें नांवें लिहिण्याचें काम तर आजच करतां येईल. तीं सांगणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत.