धुण्याचा दगड

हळद उकडायचे दिवस आले की वसमत-कळमनुरीकडं घरात कुणालाच उसंत नसते. तेवढ्यात लेकरानं दूध सांडलं की तोंडातून निघतं, "तुझ्याऐवजी दगड जन्मला असता, तर धुणं धुवायला तरी कामी आला असता." बोलणारा सांजेपर्यंत विसरतो. लेकरू विसरत नाही.

केंद्र सरकारनं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांकडून माहिती घेऊन अहवाल काढला. निम्म्या मुलांनी मनाला लागणारी वागणूक मिळाल्याचं सांगितलं, आणि त्यातल्या ८३ टक्क्यांच्या बाबतीत ती देणारे आईबापच होते. साताऱ्यात २०११ च्या ऑक्टोबरात 'नकुसा' नावाच्या २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. नको असलेली, म्हणून नकुसा. शाळेत हजेरी घेताना हे नाव पुकारलं की त्या मुलीला रोज 'हजर' म्हणावं लागत होतं. माझ्या मनातून हे जात नाही.

असं ऐकत वाढलेला माणूस पस्तिशीतही साहेबाचा फोन आला की घाबरतो. चूक नसताना माफी मागतो, कुणी कौतुक केलं तर त्याला खरं वाटत नाही. आणि एखाद्या दिवशी तेच दगडाचं वाक्य आपल्या पोरीला बोलून बसतो.

"आम्हालाही बापानं असंच वाढवलं, काय बिघडलं?" असं पुष्कळजण म्हणतात. मग सांगा, बापाशेजारी बसून पोटातलं कधी बोललात का?

रागवा, पण घडलेल्या गोष्टीवर. "दूध सांडलंस, फडकं आण," एवढं पुरे. पोराचा जन्म काढू नका, भावकीतल्या पोराशी तुलना नको. तोंडातून गेलंच, तर झोपायच्या आधी जवळ घेऊन चुकलं म्हणा.

तुम्ही स्वतःच ते लेकरू असाल, तर दोष तुमचा नव्हता. विश्वासाच्या माणसाला सांगा, नाहीतर १४४१६ वर फोन करा. मनाच्या त्रासासाठी असलेली टेली-मानसची ही सेवा फुकट आहे, मराठीत बोलता येतं. शेजारच्या घरात एखादं मूल असं रोज सोसत असेल, तर मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर लावा.

आणि ज्यांची मुलं आता चाळिशीला आली, पुण्या-मुंबईला गेली, त्या आईबापांनाही सांगतो, उशीर झालेला नाही. आज फोन लावा. "तेव्हा मी तुला लई बोललो, बाळा, तुझं काही चुकलं नव्हतं," एवढंच म्हणा. तो गप्प राहिला तर राहू द्या. फोन तेवढा ठेवू नका.