ग्रंथांची जागा आणि वाचकांची जागा

ज्या महाविद्यालयाला पन्नास-पाऊणशें वर्षें झालीं, त्याच्या ग्रंथालयांत एक दिवस असा येतोच कीं, नवें पुस्तक आलें तर जुनें कोठें ठेवावें हा प्रश्न पडतो. मग कपाटांच्या माथ्यावर पुस्तकें आडवीं रचलीं जातात, खिडक्यांपुढें मांडण्या उभ्या राहून उजेड अडतो, आणि अखेर विद्यार्थ्यांच्या बसण्याच्या बांकांवर गदा येते. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे जे पांच नियम मांडले, त्यांतील पांचवा नियम ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था आहे असें सांगतो. वाढत्या मुलाला जुना अंगरखा पुरत नाहीं यांत नवल तें काय? परंतु दर पिढीस नवी इमारत बांधण्याचें सामर्थ्य किती संस्थांना असतें? म्हणून आहे त्याच दालनांत अधिक ग्रंथ कसे सामावतील याचा विचार करणें प्राप्त होतें.

हा विचार नवा नव्हे. इंग्लंडचे चार वेळां मुख्य प्रधान झालेले ग्लॅडस्टन हे मोठे ग्रंथसंग्राहक होते. त्यांनीं १८९० सालीं ग्रंथांच्या निवासाविषयीं एक निबंध लिहिला. ४० फूट लांब व २० फूट रुंद अशा खोलीत, खोलीचें रूप न बिघडवितां, अठरा ते वीस हजार ग्रंथ कसे ठेवतां येतात याचा हिशेब त्यांनीं त्यांत दिला. आणि क्वचित् लागणाऱ्या ग्रंथांसाठीं सरकत्या मांडण्यांची कल्पना सुचविली. ब्रिटिश म्यूझियममध्यें अशा मांडण्या १८८७ पासूनच बसविल्या जात होत्या. पुढें ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयानें रॅडक्लिफ चौकाखालीं भुयारी कोठार खणलें. तें १९१२ सालीं पुरें झालें आणि त्यांत ग्लॅडस्टन यांच्या कल्पनेच्या मांडण्या लागल्या. आपल्याकडे बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं १९१० सालीं बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केलें. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयांत लोखंडी मांडण्यांचे मजल्यावर मजले असून मधली जमीन काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खालीं झिरपतो. एकानें लांबी-रुंदीची बचत साधली, दुसऱ्यानें उंचीची.

सरकत्या मांडणीचें गणित सोपें आहे. दोन्ही अंगांनीं पुस्तकें लावलेली मांडणी सुमारें दीड फूट जाडीची असते, आणि दोन मांडण्यांमध्यें माणसास वावरण्यासाठीं तीन फुटांची वाट लागते. म्हणजे जमिनीचा दोन तृतीयांश भाग ग्रंथांसाठीं नव्हे, तर वाटांसाठीं खर्ची पडतो. पंचेचाळीस फुटांच्या दालनांत अशा दहाच ओळी बसतात. त्याच मांडण्या रुळांवर ठेविल्या तर सर्वांमिळून एकच वाट पुरते. उरलेल्या बेचाळीस फुटांत कागदावर अठ्ठावीस ओळी येतात. मोकळी सोडावयाची जागा वजा घातली तरी पूर्वीच्या दुप्पट ग्रंथ सुखानें मावतात. टोकाचें चक्र फिरविलें कीं दंतचक्रांच्या योगें पुस्तकांनीं भरलेली ओळ हलक्या हातानें सरकते व हवी ती वाट उघडते.

तथापि हुरळून जाऊं नये. ग्रंथ दुप्पट झाले म्हणजे भारही दुप्पट झाला. अमेरिकेंतील स्थापत्यकार साध्या मांडण्यांसाठीं दर चौरस फुटास १५० पौंड भार धरतात, तर सरकत्या मांडण्यांसाठीं ३०० पौंड. जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर हा भार घालणें म्हणजे संकटास आमंत्रण होय. अशा मांडण्यांचें योग्य स्थान तळमजला. आणि तेथेंही जाणत्या स्थापत्यकाराचा लेखी अभिप्राय घेतल्यावांचून रूळ टाकूं नयेत. दुसरी गोष्ट आपल्या पावसाळ्याची. गच्च मिटलेल्या ओळींत हवा खेळत नाहीं, आणि कोंकणांत व मुंबईंत बुरशी, कसर व वाळवी यांना हेंच हवें असतें. म्हणून रोज सायंकाळीं मांडण्यांमध्यें थोडथोडी फट ठेवून मगच दालन बंद करावें. तिसरी अडचण अशी कीं, एका वेळीं एकच वाट उघडते. दहा विद्यार्थी दहा ओळींपाशीं एकदम जाऊं शकत नाहींत. म्हणून रोजच्या वापराचे ग्रंथ साध्या, उघड्या मांडण्यांवरच असावेत.

मग रोजचे कोणते व क्वचित् लागणारे कोणते? पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाची जी पाहणी १९७९ सालीं प्रसिद्ध झाली, तींत असें आढळलें कीं, १९६९ सालीं घेतलेल्या ग्रंथांपैकीं सुमारें चाळीस टक्के ग्रंथ पहिल्या सहा वर्षांत एकदांही वाचकाच्या घरीं गेले नाहींत. यावरून कोणी म्हणेल, असे ग्रंथ रद्दींत घालावे. आम्हांस हें मान्य नाहीं. जुन्या पाठ्यपुस्तकाच्या वीस प्रती खुशाल काढाव्या. पण शंभर वर्षांपूर्वीं छापलेला एखादा मराठी ग्रंथ दहा वर्षें कोणीं मागितला नाहीं म्हणून टाकला, तर अकराव्या वर्षीं येणाऱ्या अभ्यासकास तो कोठून द्यावयाचा? सरकती मांडणी हें अशा ग्रंथाचें हक्काचें आश्रयस्थान आहे. मात्र त्याची नोंद सूचींत हवी, आणि विद्यार्थ्यास तेथवर जाण्याची मुभा हवी. नाहींतर आश्रयस्थानाचा तुरुंग होईल. एक पुस्तक शोधतांना शेजारचें दुसरें हातीं लागावें, यांतूनच वाचनाची गोडी उपजते.

वांचविलेल्या जागेचें काय करावें, हेंही बॉडलियनकडूनच शिकावें. त्या संस्थेनें २०१० सालीं स्विंडनजवळ सुमारें ऐंशीं लक्ष ग्रंथांचें नवें कोठार उघडलें, आणि २०११ सालीं रॅडक्लिफ चौकाखालचें जुनें भुयार वाचकांना बसावयास खुलें केलें. त्यास ग्लॅडस्टन यांचेंच नांव दिलें आहे. ग्रंथांनीं वाचकांची बळकावलेली जागा वाचकांना परत मिळाली, हीच जीर्णोद्धाराची खरी कसोटी. मोकळ्या झालेल्या दालनांत कार्यालयाचीं टेबलें आलीं, तर सारा खटाटोप व्यर्थ म्हणावयाचा.

हा प्रश्न केवळ प्राचार्यांचा व ग्रंथपालांचा नाहीं. आजोबांच्या पश्चात् त्यांचा ग्रंथसंग्रह महाविद्यालयास अर्पण करावा ही आपल्या घरांतील सुंदर चाल आहे. परंतु माळ्यावरचे पेटारे जसेच्या तसे टांग्यांत किंवा टेंपोंत घालून रवाना केले, म्हणजे कर्तव्य संपलें असें समजूं नये. घरच्या मंडळींनीं एकत्र बसून यादी करावी. कसर लागलेलीं पुस्तकें वेगळीं काढावीं. जें त्या संस्थेपाशीं आहेच तें दुसरीकडे द्यावें. पुस्तक घेतलें कीं खर्च संपला असें नसून त्याची बांधणी, कपाट व निगा यांचाही भार असतो, हें ग्लॅडस्टन यांनीं आपल्या निबंधांत बजावलेंच आहे. तेव्हां जो ग्रंथदान करील त्यानें यथाशक्ति फळीदानही करावें. शंभर ग्रंथांबरोबर चार फळ्यांचा खर्च आला, तर ते ग्रंथ कोपऱ्यांत पोत्यांत न कुजतां नातवंडांच्या हातीं पुन्हां पडतील.