अंगठा देण्यापूर्वी



सुगी आटोपून चार पैसे गाठीला आले की गावात नवे पाहुणे दिसू लागतात. पूर्वी ते बनावट बियाण्याच्या पिशव्या घेऊन यायचे. हल्ली लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन पारावर बसतात. "सत्तरीच्या म्हाताऱ्यांना सरकारी कार्ड, पाच लाखांपर्यंत इलाज मोफत!"

गंमत अशी, की हे बोलणे खोटे नसते. आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर व त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ती खुली झाली. खोटी असते ती पाहुण्याने मागितलेली 'फी'. कार्ड फुकट आहे.

पण फीपेक्षा अंगठा महाग पडतो. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर आधार जोडलेल्या खात्यातून पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. खऱ्या कामालाही अंगठा लागू शकतो, म्हणून जागा पाहावी. योजनेतील रुग्णालयातला आरोग्यमित्र गाठावा. "उठला नाही, पुन्हा ठेवा" असे म्हणून कोणी तीनदा अंगठा घेऊ लागला, तर घरच्या शिकलेल्या लेकीला पडदा पाहू द्यावा. आजोबा रागावतील, रागावू द्या! आधारच्या ॲपवरून अंगठ्याला कुलूपही घालता येते, लागेल तेव्हा उघडावे.

मोबाइल क्रमांक मात्र घरचाच लिहावा. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात एकाच क्रमांकावर सुमारे साडेसात लाख लाभार्थी नोंदलेले आढळले. परक्याचा क्रमांक लागला, की तुमच्या नावावर काय चालले आहे त्याचे निरोप तुम्हाला कसे मिळणार?

तपासणी शिबिराच्या नावाने कार्ड ठेवून घेतात, त्यांनाही नाही म्हणावे. तुम्ही शेतात खुरपत असता आणि कागदावर तुमच्यावर उपचार होतात. पाच लाख ही वर्षाची मर्यादा आहे. उद्या खरेच दुखणे आले, तर त्यातले किती उरले असेल? घरी सोडताना कोणता उपचार झाला आणि किती रक्कम लागली, ते कागदावर मागून घ्यावे.

शंका आल्यास योजनेचा क्रमांक १४५५५. खात्यातून पैसे गेलेच, तर त्याच घटकेला १९३० लावावा, बँकेलाही कळवावे. शेजाऱ्याला विचारून सकाळी बघू म्हणू नये, तोवर पैसा चार खाती फिरलेला असतो.