भाव सांगणं फुकट, माप काढणं पैशाचं



घर बांधून देणारा ठेकेदार असो, टाइल्सवाला असो की फर्निचरवाला, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सगळ्यांचं एक दुखणं सारखंच आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "भाऊ, जरा इस्टिमेट काढून द्या ना." आपण काढून देतो. मग फोन उचलणं बंद.

या इस्टिमेटचे पैसे घ्यावेत का? माझं मत स्पष्ट आहे: घ्यावेत. पण सरसकट नाही.

आधी माझाच किस्सा सांगतो. शहाद्यात माझं हार्डवेअर आणि टाइल्सचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी मी फिटिंगसह कामं घ्यायला लागलो. तळोद्याकडच्या एका घरमालकाकडे दोनदा गेलो, टेप लावून मापं घेतली आणि रात्री बसून तीन पानांची यादी केली. टाइल्स किती, पाइप किती, मजुरी किती, सगळं त्यात होतं. आठवड्याने दुसराच मिस्तरी माझ्या दुकानात भाव विचारायला आला. हातात तीच यादी. अक्षर माझंच!

राग आला. पण खरं सांगू? चूक त्या घरमालकाची नव्हती. या कागदाला किंमत आहे, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

फुकट इस्टिमेट फुकट नसतं

एक उदाहरण धरा. दोन फेऱ्यांचं पेट्रोल २०० रुपये, मोडलेला अर्धा दिवस ५०० रुपये, रात्रीचे तीन तास ३०० रुपये. झाले १,००० रुपये. दहा ठिकाणी इस्टिमेट दिलं, काम दोनच मिळाली. म्हणजे १०,००० रुपये त्या दोन कामांतूनच निघायला हवेत. ज्या दोघांनी आपल्यावर विश्वास टाकला, त्यांनीच बाकी आठ जणांचा खर्च भरायचा. हा कुठला न्याय? आणि त्यांच्याकडून काढला नाही, तर तो आपल्या घरखर्चातून जातो.

घरमालकाचं म्हणणंही ऐका

"काय भो, कागदना बी पैसा?" असं कोणी म्हटलं तर चिडू नका. तो दुकानात साबणाचा भाव विचारतो, त्याचे कोणी पैसे घेत नाही. शिवाय कोणी म्हणेल, सरकारी कामात तर उलट ठेकेदारच निविदा फॉर्मचे पैसे भरतो.

बरोबर आहे. पण तिथे अंदाजपत्रक आधीच तयार असतं. बांधकाम खात्याचे अभियंते दरसूचीवरून ते बनवतात आणि त्यांना त्याचा पगार मिळतो. ठेकेदार फक्त आपला दर भरतो. खासगी घरात मापं काढणं, सिमेंट-सळईचा हिशोब करणं, हे अभियंत्याचं कामही आपल्याच गळ्यात पडतं. गृहकर्जासाठी बँक इंजिनिअरचं इस्टिमेट मागते, तेव्हा हाच घरमालक इंजिनिअरची फी मुकाट्याने देतो की नाही?

म्हणून माझा नियम साधा आहे. घरमालकाने नकाशा आणि मापांची यादी हातात दिली आणि फक्त भाव विचारला, तर फुकट. मापं मीच काढायची असतील, तर फी.

पैसे घ्यायचे, तर कागद तसा हवा

"चौरस फुटाला अमुक रुपये" हे इस्टिमेट नाही, तो अंदाज आहे. तो फोनवर द्या, त्याचे पैसे मागू नका. १,००० चौरस फुटांचा स्लॅब ५ इंची टाकला तर साधारण ४१७ घनफूट काँक्रीट लागतं, म्हणजे ४.१७ ब्रास. ४ इंची टाकला तर ३३३ घनफूट. चौरस फुटाच्या भावात हा फरक दिसत नाही. स्वस्त वाटणारा ठेकेदार कदाचित पातळ स्लॅब धरून बसलेला असतो. हे घरमालकाला दाखवणारा कागद म्हणजे इस्टिमेट. त्यात जाडी, सळईचं वजन, सिमेंटच्या गोण्या, मालाचा प्रकार, काय धरलं नाही आणि भाव किती दिवस टिकेल, हे सगळं लिहिलेलं हवं. असा कागद फी देऊन घेतला की तो त्याच्या मालकीचा. खुशाल दुसऱ्याला दाखवू दे. आपणही रुसायचं नाही.

मी काय करतो

१. पहिली भेट आणि तोंडी अंदाज फुकट.

२. सविस्तर इस्टिमेटची फी टेप काढण्याआधीच सांगतो. नंतर मागितली की भांडण ठरलेलं.

३. काम मिळालं, तर फी बिलातून वजा. हे कागदावरच लिहून देतो.

४. घरकुलाच्या लाभार्थ्याकडून फी घेत नाही. तिथे एकेक हप्ता मोजून भिंत वर चढते.

५. लांबच्या गावाला, म्हणजे चांदसैली घाट चढून धडगावला वगैरे जायचं असेल, तर जाण्या-येण्याचा खर्च वेगळा सांगतो.

फी सांगितल्यावर काही जण परत येणार नाहीत. माझेही गेले. आखाजीच्या आधी, बांधकामाच्या ऐन हंगामात, गिऱ्हाईक पाठ फिरवून जातं तेव्हा पोटात गोळा येतो. पण जे थांबले, त्यांना खरंच घर बांधायचं होतं. तुमचा धंदा अगदीच नवा असेल, तर पहिली दोन-चार कामं फी न घेता करा. पण कागदावर फीचा आकडा लिहा आणि पुढे "माफ" असं लिहा. किंमत तरी कळू द्या.

आजचं काम: वही घ्या. मागची दहा इस्टिमेटं लिहा. प्रत्येकासमोर गेलेले तास, पेट्रोल आणि काम मिळालं की नाही, हे लिहा. खाली बेरीज करा. फी घ्यायची की नाही, हे मला विचारू नका, त्या बेरजेला विचारा.