विश्लेषण : बेसूर गिटार हे संगीत की गोंगाट? रसिकांत दोन तट का?

डिजिटल डेस्क, धाराशिव

गिटारच्या तारांखाली स्क्रू-ड्रायव्हर अडकवायचा, तारा मुद्दाम भलत्याच सुरांना लावायच्या, अँप्लिफायरसमोर गिटार धरून कर्कश शिट्टी घुमू द्यायची आणि या कल्लोळालाच गाणे म्हणायचे. ‘नॉइज रॉक’ किंवा प्रायोगिक अल्टरनेटिव्ह रॉक म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार जवळपास ६० वर्षे जुना आहे, पण त्यावरचे भांडण अजून मिटलेले नाही. एका गटाला ते कलेचे टोक वाटते, तर दुसऱ्याला शुद्ध फसवणूक. हा वाद परदेशातला वाटला, तरी ‘संगीत कशाला म्हणायचे आणि ते कोणी ठरवायचे’ हा त्यातला प्रश्न तुळजापूरच्या संबळापासून मिरवणुकीतल्या डॉल्बीपर्यंत आपल्यालाही लागू पडतो.

हा प्रकार नेमका काय आहे?

न्यूयॉर्कमध्ये १९८१ मध्ये स्थापन झालेला ‘सॉनिक यूथ’ हा बँड याचे सर्वांत ठळक उदाहरण. थर्स्टन मूर, किम गॉर्डन आणि ली रॅनाल्डो हे त्यातले प्रमुख कलाकार. महागड्या गिटार परवडत नसल्याने ते स्वस्तातल्या घेत. त्या नेहमीच्या सुरांत बऱ्या वाजत नसत, म्हणून त्यांच्या तारा वेगळ्याच पद्धतीने लावल्या जात. पुढे जवळपास प्रत्येक गाण्यासाठी वेगळी गिटार ठरली. १९९९ च्या जुलैत त्यांची वाद्ये चोरीला गेली, तेव्हा अनेक जुनी गाणी वाजवणेच अवघड झाले.

त्यांचा १९८८ चा ‘डेड्रीम नेशन’ हा अल्बम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००५ च्या जतन यादीत घेतला. बँड २०११ मध्ये थांबला. किम गॉर्डन यांनी मात्र वयाच्या सत्तरीत, २०२४ मध्ये ‘द कलेक्टिव्ह’ हा तितकाच खरखरीत अल्बम काढला आणि त्याला ग्रॅमीची नामांकनेही मिळाली.

असे सूर कानाला का खुपतात?

याचे एक उत्तर भौतिकशास्त्रात आहे. ४४० आणि ४४६ हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजवले, तर सेकंदाला ६ वेळा आवाज वर-खाली होतो. यालाच ‘बीट्स’ म्हणतात. हा फरक वाढत २०-३० हर्ट्झच्या आसपास गेला की वेगळे ठोके ऐकू येत नाहीत, नुसती खरखर जाणवते. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ मध्ये विसंवादी सुरांचे कारण म्हणून हीच खरखर पुढे केली होती. नॉइज रॉकचे वादक ती टाळण्याऐवजी मुद्दाम शोधतात.

मग नावड जन्मजात आहे का?

पूर्णपणे नाही. बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या आणि पाश्चात्त्य संगीताशी फारसा संबंध न आलेल्या चिमाने लोकांवर जोश मॅक्डरमॉट आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. २०१६ मध्ये तो ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. संवादी आणि विसंवादी सुरावटी त्या लोकांना सारख्याच गोड वाटल्या. घासल्यासारखा खरखरीत आवाज मात्र त्यांनाही नकोसा वाटला. म्हणजे वादातल्या दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर आहेत. खरखर कानाला टोचते हे खरे, पण कोणते सूर एकमेकांशी ‘जुळतात’ हे बरेचसे सवयीने ठरते.

आपल्या संगीताशी काही नाते आहे?

आहे, आणि जवळचे आहे. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवतात, तेव्हाच ‘जवारी’ उघडते आणि तो भरीव झणत्कार मिळतो. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या तानपुऱ्यांची ख्याती या कामावरच उभी आहे. तारेखाली परकी वस्तू घालून आवाज बदलायचा ही युक्ती तीच. आपण दोरा घालतो, त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घातला.

एक धागा याहून थेट आहे. अमेरिकी संगीतकार ला माँटे यंग भारतीय संगीताने भारावले होते. १९६० च्या दशकात ते एकच सूर तासन् तास धरून ठेवण्याचे प्रयोग करत. त्या गटातला जॉन केल पुढे ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या बँडमध्ये गेला आणि तिथून ही परंपरा नॉइज रॉकपर्यंत पोहोचली. यंग यांनी १९७० पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांच्याकडे रीतसर तालीमही घेतली.

विरोधकांचे म्हणणे काय?

पहिला आक्षेप कौशल्याचा. बेसूर वाजवायला रियाज कशाला हवा, असे ते विचारतात. लू रीड यांचा १९७५ चा ‘मेटल मशीन म्युझिक’ हा तासाभराहून मोठा अल्बम म्हणजे निव्वळ गिटारच्या फीडबॅकचा कल्लोळ. तो काही आठवड्यांतच दुकानांतून मागे घेतला गेला. हा विनोद आहे की प्रयोग, यावर समीक्षक आजही भांडतात.

दुसरा आक्षेप प्रकृतीचा, आणि तो अधिक गंभीर आहे. ८५ डेसिबलचा आवाज ८ तासांपर्यंत सुरक्षित मानतात. दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम १५ मिनिटे उरते. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ हा बँड तर श्रोत्यांना कानात घालायला बोळे वाटतो.

समर्थक काय सांगतात?

बेसूर वाटणाऱ्या या वादनालाही शिस्त असते, असे ते म्हणतात. फीडबॅक नेमका कुठे उभे राहिल्यावर येतो आणि कधी तोडायचा, यालाही हात बसावा लागतो. ‘मेटल मशीन म्युझिक’च २००२ मध्ये बर्लिनमध्ये वाद्यवृंदाने स्वरलेखन करून मंचावर वाजवले, तेव्हा त्यात लय आणि थर असल्याचे अनेकांना प्रथमच जाणवले. दुसरा मुद्दा भावनेचा. संताप, तगमग, शहरातली घुसमट गोड सुरांत मावत नसेल, तर आवाज खरखरीत होणारच.

‘हे संगीतच नव्हे’ असे आपल्याकडे कधी ठरवले गेले?

आकाशवाणीवर हार्मोनियमला १९४० पासून बंदी होती. तिच्या पट्ट्यांतून आपल्या श्रुती निघत नाहीत, हे कारण होते. १९७१ मध्ये ती शिथिल झाली. पुण्यात जन्मलेले बा. वि. केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि हिंदी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर आळा बसला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. ज्या गाण्यांना तेव्हा थिल्लर म्हटले गेले, त्यांना आज आपण सुवर्णकाळ म्हणतो.

लोकवाद्यांच्या वाट्याला अवहेलना आली ती सरकारी आदेशाविनाच. आपली भाषाच ‘तेच तुणतुणे’ म्हणून हिणवते. गोंधळात मात्र तुणतुण्याची ती एकच तार संबळासोबत रात्रभर गाण्याला धरून ठेवते. हलगी वाजवणाऱ्यांना गावगाड्यात जी जागा मिळाली, तीच हलगीला मिळाली. एखाद्या आवाजाला गोंगाट ठरवताना आपण कधी कधी वाजवणाऱ्यालाच दूर ठेवत असतो.

मग डॉल्बीलाही संगीत म्हणून सूट द्यायची का?

नाही. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम सूर तपासत नाहीत, पातळी मोजतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा आहे. ती भजनाला, भावगीताला आणि नॉइज रॉकला सारखीच लागू आहे. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ ज्या रंगभवनात गाजला, ते शांतता क्षेत्रात आल्यावर तिथले कार्यक्रम बंद झाले. शेजारच्या रुग्णालयाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण रॉक वाजवणाऱ्यांची हक्काची जागा गेली, हेही तितकेच खरे.

छोट्या शहरांत ही अडचण मोठी आहे. धाराशिवच्या एखाद्या तरुणाला असे काही वाजवायचे असेल, तर पुणे-मुंबई गाठावी लागते. आवाज बाहेर न जाणारी, माफक भाड्याची एखादी सरावाची खोली असली, तर शेजाऱ्यांची झोपही टिकेल आणि प्रयोगही होतील.

ऐकून पाहायचे असेल तर?

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून निकाल देऊ नका. त्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे सूर जवळपास गायब होतात आणि उरते ती नुसती किरकिर. हेडफोन लावा, आवाज निम्म्यावर ठेवा आणि एक गाणे दोनदा ऐका. तरीही आवडले नाही, तर तसे खुशाल म्हणा. ‘मला आवडले नाही’ हे मत आहे आणि त्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ‘हे संगीतच नाही’ हा मात्र निकाल आहे, आणि असे निकाल आपल्याकडे याआधी अनेकदा फिरवावे लागले आहेत.