दूध वाढले, विहिरीचे काय?

महाराष्ट्राच्या दूधपट्ट्यात संकलन केंद्रावर येणाऱ्या दुधाची फॅट रोज मोजली जाते, कारण तिच्यावर भाव ठरतो. परंतु गोठ्याजवळच्या ज्या विहिरीचे पाणी जनावरे आणि माणसे पितात, तिच्यात नायट्रेट किती, हे तितक्याच नेमाने पाहण्याची निकड कोणाला भासत नाही.

शेणामुतातील नत्र हे शेताचे धन खरे. पण पीक उचलील तेवढेच. उघडा उकिरडा, निचऱ्याविना कच्चा गोठा आणि पावसाळ्याच्या तोंडावर रिकाम्या रानात पसरलेले ओले शेण यांतील उरलेले नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर जमिनीत उतरते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींना वरच्या झिजलेल्या थरातून व भेगांतून पाणी मिळते; जेथे माती उथळ, तेथे हा प्रवास फारच थोडा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे. त्याला रंग नाही, वास नाही आणि पाणी उकळूनही ते जात नाही. अशा पाण्यात कालवलेले बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती ते क्षीण करते.

दुर्लक्षाची किंमत न्यूझीलंडमध्ये दिसली आहे. कँटरबरीच्या मैदानात गेल्या काही दशकांत मेंढ्यांच्या जागी सिंचित कुरणांवर गाई आल्या आणि दगडगोट्यांच्या जमिनीतून नत्र भूजलात झिरपले. २०२१ मध्ये सरकारने चराऊ जमिनीला दरवर्षी हेक्टरी १९० किलो कृत्रिम नत्राची मर्यादा घातली. तरीही २०२५ मध्ये प्रादेशिक परिषदेला नायट्रेटची आणीबाणी जाहीर करावी लागली. बिघडलेले भूजल कायदा होताच सुधारत नसते.

रासायनिक खते आणि गावचे सांडपाणी यांचाही या दोषात वाटा आहे. म्हणून गोठा निर्दोष ठरत नाही. मात्र दोन-चार जनावरांच्या धन्यावर दंडाचा बडगा उगारून काही साधणार नाही. पक्की फरशी, मुताची टाकी, विहिरीपासून दूर झाकलेला खतखड्डा आणि पिकाच्या गरजेपुरतेच खत, एवढ्याने बरेच काम होईल. त्यासाठी दूध संघांनी कर्ज व सल्ला द्यावा, शासनाने अनुदान द्यावे आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर सभासदांच्या विहिरींचे पाणी तपासून निकाल केंद्रावर लावावा.

दुधात पाणी मिसळणाऱ्याला गुन्हेगार मानणाऱ्या समाजाने पाण्यात गोठा मिसळू देणे शोभणारे नाही.