लेझरला वजन कळत नाही

"सर्व्हे कॅम्प बंद करा, सॉफ्टवेअर शिकवा, आता सगळं विमानातून होतं!" असं होस्टेलात बरेच जण म्हणतात. सॉफ्टवेअर हवंच, पण कॅम्पच्या जागी नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑस्ट्रियातली हिन्टरआइसफर्नर ही हिमनदी घ्या. तिथे 2001 पासून अनेकदा विमानातून लेझर स्कॅनिंग झालंय. किरण बर्फावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतात. जोडीला जीपीएस आणि विमानाचा कल मोजणारं यंत्र असलं की प्रत्येक बिंदूची उंची मिळते. दोन वर्षांच्या उंचीची वजाबाकी केली की बर्फ किती मीटर खचला ते कळतं. जिथे पाय ठेवायची सोय नाही, अशा भेगाळ भागाचंसुद्धा! जबरदस्तच आहे हे.

पण नदीला पाणी किती मिळणार, हे वजनावर ठरतं. ताज्या भुसभुशीत हिमाची घनता घनमीटरला 100 किलोच्या आसपास, हिमनदीच्या घट्ट बर्फाची 900. मग एक मीटर खचला म्हणजे नक्की किती गेलं? लेझर गप्प! त्यासाठी कुणीतरी वर चढून खड्डा खणतो, हिम तोलतो, खांब रोवतो. हिन्टरआइसफर्नरवर ही मोजणी 1952 पासून चालू आहे. लेझर आल्यावरही ती कुणी बंद केली नाही. आपल्या हिमाचलातल्या छोटा शिग्रीवर तर 2002 पासून बांबू रोवून मोजतात.